काजळीला दवाखान्यात न्यायचंय : तयारीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

खटावला बहिणीच्या शेतावर गेलो होतो, येताना कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलो. मादी, म्हणून कुणी नेत नव्हतं. चार भावंडं होती. दोन गेली, एक नर शेजारच्या वस्तीवर दिला, ही उरली. आई आठवड्यापूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. बहीण म्हणाली, "घट बसले त्याच आठवड्यात व्याली होती, दादा." घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. म्हणजे आज वय सहा आठवडे, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. आईला आयुष्यात एकही लस मिळालेली नव्हती. डॉक्टर आधी या दोनच गोष्टी विचारतील, म्हणून इथे सगळ्यांत वर लिहून ठेवल्या.

रंग तांबूस, डोळ्यांभोवती काळी कड. नातीने पुण्याहून फोनवर फोटो बघितला आणि नाव ठेवलं, काजळी.

प्रवास वाईट झाला. निघताना बहिणीने मायेने वाटीभर दूध पाजलं होतं. पुसेगावच्या आत पहिली उलटी, कोरेगाव सोडल्यावर दुसरी. वाईला पोचेपर्यंत सौ.च्या मांडीवर नुसती गळून पडली होती. घरी परात काट्यावर ठेवून वजन केलं, १.६ किलो. पोट तट्ट फुगलेलं, पण पाठीचे मणके हाताला लागतात. कानांमागे पिसवा, डाव्या कानात तीन गोचीड.

नोकरीत तीस वर्षं कालव्यावर मोजमाप पुस्तक लिहिलं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा तिथला शिरस्ता. तीच वही या कामाला लावतोय, त्याचं कारण राजा, आमचा आधीचा कुत्रा.

राजाला २००९ मध्ये पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ते गोणपाटाच्या पोत्यात घालून. आठ महिन्यांचा होता, हातात येईना. तिथे तिघांनी टेबलावर दाबून धरला, एकाने तोंड बांधलं, सुई टोचली आणि परत पोत्यात. पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून आम्ही खूश होतो. पुढच्या वर्षी त्या गल्लीच्या तोंडाशीच तो थरथरायला लागला. फाटकापाशी मुतला. तिसऱ्या वर्षी नेलाच नाही. २०१५ च्या पावसाळ्यात त्याला गोचीड ताप झाला. हा आजार लवकर कळला तर गोळ्यांनी बरा होतो. पण राजा तोंड उघडू देईना, हिरड्या बघू देईना, पायाला हात लावू देईना. रक्त तपासायलाच तीन दिवस गेले. तो उशीर २००९ च्या पोत्यातच सुरू झाला होता, हे मला फार उशिरा समजलं.

काजळीची पहिली खेप तशी होणार नाही.


१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गावातल्या पशुवैद्य डॉक्टरांना फोन केला. तरुण बाई आहेत, शांतपणे ऐकून घेतात. सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "काका, खेळतेय ना? खातेय ना? मग लगेच लस नको. आधी जंत बघू, अंग धरू दे, आठव्या आठवड्यात पहिली लस देऊ. पण उलटी, पातळ संडास, खाणं बंद, यांतलं काहीही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, त्याच तासाला घेऊन या." तारीख ठरली ३० नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा. त्या वेळी गर्दी कमी असते.

म्हणजे हातात बारा दिवस.

दुपारी भाच्याशी बोललो. तो शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याने दोन गोष्टी नीट समजावल्या.

पहिली पार्व्होची. या विषाणूमुळे पिल्लांना रक्ती जुलाब होतात आणि लस नसलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत हातचं जातं. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, एवढ्याने मरतो. "मामा, दवाखान्यात आजारीच कुत्री येतात. तिथे हिला जमिनीवर टेकवायचंच नाही. रस्त्यावरही नाही." पडवी तशा पाण्याने धुऊन काढली, कोरडी होऊ दिली आणि काजळीचा मुक्काम तिथे. बाहेरच्या चपला पडवीच्या पायरीखाली.

दुसरी गोष्ट वयाची. कुत्र्याचं पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे बघेल, ऐकेल, हुंगेल, ते जगाचा भाग म्हणून स्वीकारतं. ते दार पुढे हळूहळू मिटतं. विसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बरला पिल्लांच्या कितीतरी पिढ्या वाढवून हे दाखवून दिलं. आमचा राजा आठ महिन्यांचा होता. दार कधीच मिटलेलं होतं. काजळी सहा आठवड्यांची आहे.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढले, स्पिरिटच्या बाटलीत टाकले. बोटांनी चिरडायचे नाहीत, रॉकेल लावायचं नाही. पिसवांसाठी उवांची फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याची पावडर देऊ केली. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट नको म्हणून सांगितलं. मोठ्या कुत्र्याची मात्रा एवढ्याशा जिवाला विषासारखी होते.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या संडासात जंत. पांढरे, शेवयांसारखे, दोन हलत होते. फोटो काढला. फुगलेल्या पोटाचं कारण कळलं. पिल्लांमध्ये हे आईच्या पोटातूनच आणि दुधातून येतात, त्यामुळे जन्मतःच असतात म्हटलं तरी चालेल. संडास हातमोजा घालून उचलून खोल पुरली, कारण हे जंत माणसांच्या पोरांनाही बाधतात. नात आली की तिला हात धुवायची सक्ती.

दुपारी खेळताना काजळीने माझ्या उजव्या तर्जनीला दात लावला. या वयात दुधाचे दात असतात, पुरे आले की अठ्ठावीस, आणि एकेक सुईसारखा. रक्त आलं नाही, पण साल निघाली. सौ. म्हणाली, "एवढंसं तर पिल्लू आहे, हळद लावा." मन धजेना. पिल्लाची आई बिनलशीची, वस्तीवरची. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून बोट धुतलं, हळद-चुना काही लावलं नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जखम बघून लस सुरू केली. आज पहिली, पुढची २२ ला, मग २६ ला, शेवटची १७ डिसेंबरला. रेबीज झाल्यावर उपाय नाही, होण्याआधीच आहे. मी एकसष्ट वर्षांचा, मला हे माहीत आहे. पण गावात अजून निम्मी माणसं पिल्लाचा दात म्हणजे खेळ समजतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.


२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सकाळीच जाऊन आलो.

आजपासून अंगाला हात लावून घेण्याचा सराव. भाच्याने सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात, मग घास. कान धरायचा, सोडायचा आणि सोडल्यावर उकडलेल्या चिकनचा तूरडाळीएवढा तुकडा. मी सकाळी उलटं केलं, आधी तुकडा दाखवून कान धरला. दोन-चार वेळा फसल्यावर ती तुकडा बघूनच मागे सरकायला लागली. खाऊच पुढच्या त्रासाची खूण झाला. दुपारी क्रम बदलला, संध्याकाळी ती हात बघून पुढे येत होती. एका दिवसात इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

एका वेळी दोन मिनिटं, दिवसातून पाच वेळा. भूक लागलेली असताना, झोप झालेली असताना. पाठ, छाती, पोट, मग पंजे. पंजाची बोटं वेगळी करून बघणं तिला आवडत नाही. तोंड सगळ्यांत शेवटी, ओठ वर करून फक्त एक दात बघायचा आणि सोडायचं.

आईने (वय ८४) दुपारी तिला तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून घातली. रश्श्यात कांदा-लसूण. दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. आईला नीट सांगितलं. ती म्हणाली, "राजा तर आयुष्यभर हेच खायचा की रे." मी काही बोललो नाही. संध्याकाळी तिने स्वतःहून बिनफोडणीचा मऊ भात आणि उकडलेलं अंडं एकत्र कालवून ठेवलं होतं.


२१ नोव्हेंबर, गुरुवार. स्थळपाहणी

बांध घालायचा तर आधी जागा बघून येतात. काजळीला न घेता एकटाच दवाखान्यात गेलो. संडासचा ताजा नमुना औषधाच्या रिकाम्या, उकळून वाळवलेल्या बाटलीत घेतला होता.

रस्त्यापासून फाटक, फाटकापासून तीन पायऱ्या. बाहेर सिमेंटचा बाक, आत आठ बाय दहाची खोली. टेबल कमरेएवढं, वरून स्टीलचा पत्रा. हात लावून बघितला, नोव्हेंबरच्या सकाळी बर्फासारखा गार आणि गुळगुळीत. पिल्लाचे पाय त्यावर फाकणार, आणि पाय फाकले की भीती सुरू. वास स्पिरिटचा, फिनेलचा, वर ओल्या कुत्र्याचा. आवाज वजनकाट्याचा, कपाटाच्या लोखंडी दाराचा, बाहेर बांधलेल्या कुत्र्याचा. फोनवर सहा मिनिटं आवाज टिपून घेतला. कंपाउंडर चकित होऊन बघत होता. कारण सांगितल्यावर त्याने आपणहून कपाट दोनदा उघडून बंद करून दाखवलं.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतांची अंडी दिसली. डॉक्टरांनी आज सकाळचं वजन विचारलं (१.७ किलो) आणि त्यावरून पातळ औषधाची मात्रा काढून दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं, ५ डिसेंबरला. मी म्हणालो, औषधाच्या दुकानात तर न विचारता बाटली मिळते. त्या म्हणाल्या, "मिळते. पण वजन कुणी विचारत नाही."


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री औषध दिलं. सिरिंजने गालाच्या आतून, हळूहळू, मान वर न करता. मान वर केली की ठसका लागून औषध श्वासनळीत जाऊ शकतं. आज सकाळी जंतांचा गोळाच पडला. बघवत नाही, पण बरं वाटलं. दुपारी पोट मऊ लागलं.

माझी दुसरी सुई झाली.

निरोगी अवस्थेतली मापं आज घेतली. आजारात तुलना कशाशी करणार? हिरड्या फिकट गुलाबी. बोटाने दाबून सोडलं की पांढरी जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी, होते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते, म्हणजे अंगात पाणी पुरेसं आहे. ताप अजून घेतला नाही. आज फक्त शेपूट उचलायची, सोडायची, घास. असं तीन दिवस, मग थर्मामीटर. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा ऊन असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं साधं तापमान.

कॅरेटचं काम सुरू केलं. बाजारातून टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट आणलं, धुतलं, वरून झाकायला जाळीचा चौकोन तारेने एका बाजूला बांधला. तळाशी गोणपाटाची घडी घातली, घसरू नये म्हणून. आत घास टाकला की जाते, खाते, बाहेर येते. संध्याकाळपर्यंत आत बसून खायला लागली. काम ठरल्यापेक्षा पुढे आहे.


२३ नोव्हेंबर, शनिवार

सगळं फिसकटलं.

आज मतमोजणी. दुपारनंतर मिरवणूक आमच्या गल्लीतून जाणार हे मला कळायला हवं होतं. काजळी कॅरेटमध्ये खात होती आणि फाटकासमोर हजाराची माळ लागली. ती उसळली, जाळी अंगावर पडली, त्यात पाय अडकला. मी धावून सोडवलं तर पलंगाखाली शिरली आणि भिंतीला चिकटून बसली. दोन तास. गुलाल उधळून लोक गेले, तरी बाहेर आली नाही. सौ. पलंगाशेजारी फरशीवर आडवी होऊन नुसती तिच्याशी बोलत राहिली, ओढलं नाही. दिवेलागणीला ती सरकत सरकत येऊन सौ.च्या हातावर हनुवटी ठेवून झोपली.

रात्री कॅरेट नुसतं उचललं तरी पळाली.


२४ नोव्हेंबर, रविवार

कॅरेट पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं, जवळ खाणं ठेवलं. चार हातांवर थांबली, मान लांब करून वास घेतला, परत फिरली. दिवसभरात तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा तेच. मला घाई झाली होती. चौथ्यांदा उचलून आत ठेवावं असं मनात आलं आणि हात पुढे केलाही.

आई दारात बसली होती. म्हणाली, "आधी ते गोणपाट काढ त्यातलं."

मी बघत राहिलो. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. गोणपाट घसरत नाही, एवढाच विचार करून मी ते घातलं होतं. काजळीला त्याचं काही माहीत नाही, तिचा राग फटाक्यांवर आहे. पण आईला ते बघवत नव्हतं, आणि ते डोळ्यांपुढे आल्यावर मलाही बघवेना. पोत्यात घातल्यावर राजा आतून ओरडत होता, तेव्हाही आई याच दारात होती.

गोणपाट काढून अंगणात नेलं. आई आत गेली, ट्रंकेतून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन आली. तो तिने रात्री आपल्या उशाशी ठेवला आणि काजळीला त्यावर झोपू दिलं. म्हणाली, "उद्या तुझ्या त्या खोक्यात घाल. वास लागला असेल."


२५ आणि २६ नोव्हेंबर

पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी बेतशीर. जाळी काढून टाकली. कॅरेट आडवं केलं, म्हणजे ते खोकं न राहता कोनाडा झाला. लुगड्याचा तुकडा अर्धा आत, अर्धा बाहेर. सोमवारी सकाळी बाहेरच्या अर्ध्यावर झोपली. दुपारी पुढचे दोन पाय आत. मंगळवारी सकाळी चहा घेताना बघितलं तर पूर्ण आत, पाठ आमच्याकडे, झोपलेली. कुणी बोलावलं नव्हतं, घास टाकला नव्हता. सौ. हळूच म्हणाली, "अहो, बघताय ना?"

मंगळवारी दुपारी कॅरेट उभं केलं, ती आत असतानाच बोटभर उचललं आणि ठेवलं. घास. मग वीतभर. मग पडवीतून ओट्यापर्यंत चार पावलं. जाळीऐवजी आता सुती पंचा, सैल बांधलेला. अडकणार नाही आणि अंधारही होतो.

शेपटीचा सराव फळला. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन, सौ. पुढून ताटलीवर पसरलेलं दही चाटवतेय, मी मागे. १०१.६. शेजारच्या काकूंनी आकडा ऐकून "अगं बाई, ताप!" म्हटलं. त्यांना समजावून सांगितलं.

माझी तिसरी सुई. रुग्णालयातून घरी आलो तेव्हा दंड किंचित ठणकत होता. काजळीच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून टोपण लावलेल्या पेनाने दाबायचा सराव याच दिवशी सुरू केला. लस तिथेच कातडीखाली देतात. चिमटी, दाब, मोजून तीन, सोडणं, घास.


२७ नोव्हेंबर, बुधवार. टेबलाची तालीम

स्टुलावर स्टीलचा जुना पत्रा बांधला, रात्रभर अंगणात ठेवला. थंडी चांगलीच पडलीय, पहाटे पत्रा गारठला होता. काजळीला वर ठेवलं, पाय फाकले, अंग ताठ. लगेच उतरवलं. मग पत्र्यावर पायपुसणं टाकलं, ज्याच्या खाली रबर असतं ते. त्यावर नीट उभी राहिली. दवाखान्यात हेच पायपुसणं न्यायचं.

दह्याची ताटली ही या सगळ्या कामातली सगळ्यांत उपयोगी वस्तू ठरतेय. स्टीलच्या ताटलीवर घट्ट दही पातळ थरात फासायचं. चाटायला मिनिटभर लागतं, आणि चाटणारं कुत्रं त्या मिनिटात अंग सैल सोडतं. ताटलीवर तोंड असताना चमच्याची गार पाठ छातीला लावली, स्टेथोस्कोपच्या जागी. कान हलवला, पण चाटणं थांबलं नाही. स्पिरिटचा बोळा हातभर लांब उघडा ठेवला, नाकाशी नेला नाही. फोनवर दवाखान्याचा आवाज अगदी बारीक लावला, रोज थोडा वाढवतोय. कपाटाच्या दाराला आता फक्त कान टवकारते.

कानाच्या आत मात्र बघू देत नाही. जिथे गोचीड होते त्या डाव्या बाजूला मान झटकते. इथे मी अजून कमी पडतोय.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीची तालीम. खाऊन तीन तास झाल्यावर. पोट पूर्ण रिकामंही ठेवायचं नाही, एवढ्या लहान पिल्लाला उपास सोसत नाही, साखर उतरून चक्कर येते. आधी गाडी बंद, नुसतं आत बसून दही. मग इंजिन चालू, जागेवरच. मग गणपतीच्या घाटापर्यंत जाऊन परत, सौ. मागच्या सीटवर कॅरेट दोन्ही हातांनी धरून. लाळ गळाली, उलटी नाही. संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. खाली उतरवलं नाही, गाडीतूनच तिला फाटक बघू दिलं, तीन घास दिले आणि परत. राजा याच गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तो जुना दवाखाना आता तिथे नाही, पण गल्ली तीच.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पिशवी भरली. पायपुसणं, दह्याचा डबा, ताटली, चिकनचे तुकडे, पंचा, जुने कागद, उद्याच्या नमुन्यासाठी बाटली. फाइलमध्ये जन्माचा अंदाज, आईची आणि भावंडांची माहिती, रोजचं वजन, खाणं, जंताच्या औषधाची तारीख, जंतांचा फोटो, ताप, माझ्या सुयांच्या तारखा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लिहिले, कारण तिथे गेल्यावर अर्धे विसरतात. अंगणात कधी सोडायचं? अंघोळ कधी? गोचीडाचं औषध कोणत्या वयापासून? पिल्लं होऊ न देण्याची शस्त्रक्रिया कधी करायची? बहीण म्हणाली होती, मादी नको, दर वर्षी पिल्लं. त्याचं उत्तर मला उद्याच हवंय.

आंघोळ घातली नाही. आदल्या दिवशी ओलं करून गारठवायचं कशाला?


३० नोव्हेंबर, शनिवार

वजन २.२ किलो. सकाळी आठला थोडं खाणं. साडेदहाला कॅरेट तिच्यापुढे ठेवलं. आत गेली, गोल फिरली, लुगड्यावर बसली.

नात सकाळीच पुण्याहून आली होती, तीही बरोबर. तिला एकच काम दिलं होतं, दवाखान्यात मोठ्याने बोलायचं नाही. ते तिने चोख केलं.

बाकावर एक मोठं कुत्रं होतं, पायाला पट्टी. मी काजळीला घेऊन गाडीतच थांबलो, सौ. आत जाऊन सांगून आली. आमची वेळ आल्यावर कंपाउंडरने हात केला आणि आम्ही थेट आत गेलो. कॅरेट जमिनीवर टेकवलं नाही. खोलीत शिरताना ती थरथरली. स्पष्ट जाणवलं मला, कॅरेटच्या कडेवरून हातात आलं ते. माझ्या छातीत धस्स झालं. डॉक्टरांना सांगितलं, "मिनिटभर द्या." त्या खुर्चीत बसल्या, तिच्याकडे बघितलंही नाही, फाइल वाचत राहिल्या. काजळीने पंच्याखालून नाक काढलं. मी पायपुसणं टाकलं, तिला वर ठेवलं, नातीने ताटली धरली.

मग दही. आणि पुढचं सगळं त्या दह्यावर झालं. हृदय, फुप्फुसं, पोट चाचपणं, बेंबी (हर्निया नाही), डोळे, दात. ताप १०१.८. दात बघून डॉक्टर म्हणाल्या, "आठ आठवडे. तुमचा हिशेब बरोबर आहे." डाव्या कानाशी मात्र तिने मान झटकली, ताटली सोडली आणि माझ्याकडे सरकली. डॉक्टर लगेच थांबल्या. बाहेरून बघता येईल तेवढं बघितलं, आत मळ नाही, सूज नाही. "बाकीचा कान पुढच्या वेळी. आज तिला हरवायचं नाही." हे वाक्य मी तिथेच फाइलच्या पाठीवर लिहून घेतलं.

लस मानेमागे. चिमटी, सुई, मी मनात तीन मोजले. तिने चाटणं थांबवलं नाही. नात माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती.

लशीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं ते असं. ही डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो वगैरेंची एकत्र लस. एकाने भागत नाही. आईच्या चिकातून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात काही आठवडे राहते आणि तीच लशीला काम करू देत नाही. ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायची. दुसरी २१ डिसेंबरला. रेबीजची तीन महिने पुरे झाल्यावर, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला. अंगण घरचं, कुंपणाचं आणि दुसरं कुत्रं येत नसेल तर चालेल, रस्ता शेवटच्या लशीनंतर. तोवर कडेवर घेऊन सगळं गाव दाखवा म्हणाल्या. शस्त्रक्रियेचं सहाव्या महिन्यात ठरवू. बहिणीला संध्याकाळी फोन करून कळवलं.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच, गाडीत थांबलो. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या तर लगेच आत आणा असं सांगितलं होतं. काही झालं नाही. ती झोपली होती.


१ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळी मलूल होती, जेवण अर्धं टाकलं. हे एखादा दिवस चालतं असं आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर धरला. टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ, दुखत नाही. आज सकाळी नातीची चप्पल पळवली, म्हणजे बरी आहे.

कॅरेट पडवीतून काढलं नाही. ते फक्त दवाखान्याच्या दिवशी बाहेर आलं तर त्याचं पुन्हा पोतं होईल. ती त्यातच झोपते.


५ डिसेंबर, गुरुवार

जंताचं दुसरं औषध घरी देता आलं असतं, तरी दवाखान्यात घेऊन गेलो. वजन तिथल्या काट्यावर करायचं, औषध घ्यायचं, सुई नाही, तपासणी नाही, कंपाउंडरच्या हातून दोन तुकडे खाऊन परत. डॉक्टरांना आधी विचारलं होतं. म्हणाल्या, जरूर या, असं कुणी येत नाही. वजन २.५ किलो.

घरी आलो तर आई दारातच होती. काजळीला कॅरेटमधून उचलून घेतलं, मांडीवर बसवलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मला विचारलं, "फाटकापाशी थरथरली का रे?"

म्हटलं, "नाही. मान बाहेर काढून बघत होती."

आई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढचं काम डावा कान. रोज दोन मिनिटं, २१ तारखेपर्यंत.